अकराच्या उन्हात सापडलेली जागा

अकरा दिवस आईने मला सांगितलंच नाही. टीव्हीचं रिचार्ज संपलं होतं, पडदा निळा पडला होता. मी त्या दिवसांत डोंबिवलीत घरच्या आजारपणात अडकलो होतो, त्यामुळे महिन्याचं रिचार्ज राहून गेलं. आई कोकणात, राजापूर तालुक्यात, सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, आमच्या घरात एकटी असते. तिच्या फोनला रेंज मिळते ती खळ्याच्या कोपऱ्यात, आणि तिथेही मिळेलच असं नाही. बाराव्या दिवशी मी सहज विचारलं, "काल बातम्यांत काय सांगितलं पावसाचं?" तेव्हा ती म्हणाली, "टीव्ही बंद हाय रे. तुझ्या मागे एवढं सगळं, त्यात हे कशाला सांगू?"

त्याच रात्री ठरवलं, हिच्या घरी महिन्याच्या रिचार्जवर चालणारं काही ठेवायचं नाही. डीडी फ्री डिश बसवायची. एकदा छत्री (डिश) आणि डबा (सेट-टॉप बॉक्स) घेतला की संपलं, पुढे दरमहा काही नाही. दूरदर्शनने ही सेवा १६ डिसेंबर २००४ला सुरू केली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. सह्याद्री वाहिनी, दूरदर्शनच्या बाकी वाहिन्या, काही खासगी वाहिन्या, शिवाय आकाशवाणी, एवढं सगळं त्यात फुकट मिळतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती मी आईलाही आधी सांगितली. तिच्या आवडीच्या दोन मालिका ज्या वाहिनीवर लागत, ती वाहिनी फ्री डिशवर नाही. खासगी वाहिन्या तिथे लिलावात जागा घेऊन येतात, मुदत संपली की जातातही. २०१९च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या फुकट वाहिन्या एकदम काढून घेतल्या होत्या. तेव्हा एखाद्या ठरावीक मालिकेसाठी फ्री डिश घेऊ नये. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बातम्या दिसतील ना? मग झालं."

सामान मी डोंबिवलीहूनच नेलं. दुकानदार साठ सेंटीमीटरची, म्हणजे दोन फुटी छत्री देत होता. तीच सगळीकडे चालते आणि कोरड्या भागात पुरतेही. कोकणात मात्र मी ती घेणार नाही. हे प्रक्षेपण ज्या लहरींवर येतं त्यांना केयू बँड म्हणतात, आणि त्यांची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर असते. जोराचा पाऊस त्या गिळून टाकतो. म्हणून पंच्याहत्तर सेंटीमीटरची घेतली. पंधरा सेंटीमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, आणि छत्रीत मोजायचं ते क्षेत्रफळच. त्याहून मोठी घेतली तर वाऱ्याला तोंड देणं अवघड जातं.

डबा एमपेग-४चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा घेतला. जुन्या एमपेग-२च्या डब्यात सगळ्या वाहिन्या दिसत नाहीत, दोनशे-तीनशे रुपये वाचवायला तो घेऊ नये. हल्ली काही टीव्हींच्या आतच उपग्रहाचा ट्यूनर असतो. मागच्या बाजूला आटे असलेलं, एलएनबी (छत्रीसमोरचा, लहरी झेलणारा छोटा भाग) असं लिहिलेलं तोंड दिसलं तर डबा लागतच नाही. आईच्या टीव्हीला ते नव्हतं. केबल आरजी-६ जातीची, तीस मीटर. एलएनबी नवा, कारण छपरावरच्या जुन्या छत्रीच्या एलएनबीत पाणी शिरलं होतं. सोबत सिग्नल शोधायचा छोटा मीटर घेतला, जो दिशा जुळली की वाजतो. सगळं मिळून तीन हजारांच्या आत बसलं.

ती जुनी छत्री पैसे भरायच्या सेवेची होती. बसवणारा मुलगा कौलांवर चढला होता आणि दोन कौलं फोडून गेला होता. पुढचे दोन पावसाळे माजघरात टोप ठेवावा लागला. म्हणून माझी पहिली अट हीच होती: छत्री छपरावर नको. आईचा हात पोचेल अशा जागी हवी. एलएनबीच्या तोंडावर कोळी जाळं करतो, गांधीलमाश्या घर बांधतात, छत्रीत पातेरा अडकतो. हे सगळं फडक्याने दोन मिनिटांत निघतं, पण छत्री छपरावर असेल तर त्यासाठी माणूस बोलवावा लागतो, आणि तो यायला आठ दिवस लागतात.

दसरा २०२५ साली २ ऑक्टोबरला होता. मी रविवारी, २८ सप्टेंबरला घरी पोचलो आणि सोमवारी सकाळी कामाला लागलो. तो पूर्ण दिवस वाया गेला.

चुका दोन झाल्या. फ्री डिश ज्यावरून येते तो उपग्रह जीसॅट-१५. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे अंदमान-निकोबारच्या दक्षिणेला विषुववृत्ताच्या वर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर. आमच्या घरापासून त्याची दिशा मी काढून ठेवली होती: उत्तरेपासून १२८ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि क्षितिजापासून ६० अंश वर. आकडे बरोबर होते. पण फोनमधलं होकायंत्र पडवीच्या पत्र्याजवळ एक सांगायचं, चार पावलं सरकलं की दुसरंच. लोखंडाजवळ होकायंत्रावर भरवसा ठेवू नये हे मला कळायला हवं होतं.

दुसरी चूक छत्रीच्या कलाची. साठ अंश वर म्हटल्यावर मी छत्रीचं तोंड चांगलं आभाळाकडे केलं. बघायला अगदी बरोबर वाटत होतं. मीटर दिवसभर मुका.

संध्याकाळी आमच्या वाडीतले केबलवाले काका आले. आता सत्तरी ओलांडलेत. नव्वदच्या दशकात त्यांनी सड्यावर बारा फुटांची जाळीची छत्री उभारून तीन वाड्यांना केबल दिली होती. त्यांनी माझ्या छत्रीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही आभाळात बघतेय रे. हिला खाली बघायला लाव."

मग त्यांनी समजावलं. त्यांची जुनी छत्री सरळ होती, एलएनबी बरोबर मध्यावर. ज्या दिशेला तोंड, त्याच दिशेचं झेलायची. या छोट्या छत्र्या तशा नसतात. यांचा एलएनबी खालच्या दांड्यावर असतो, म्हणजे त्याची सावली छत्रीच्या मध्यावर पडत नाही. त्यामुळे छत्री तोंड करते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं झेलते. उपग्रह साठ अंशांवर असेल तर छत्रीचं तोंड जेमतेम पस्तीस-छत्तीस अंश वर हवं. मागच्या पट्टीवर कंपनीने आकडे छापलेले असतात, त्यांत हा फरक आधीच धरलेला असतो. पट्टीवर साठ लावायचे आणि डोळ्यांना काय वाटतं तिकडे लक्ष द्यायचं नाही. मी पट्टीकडे बघितलंच नव्हतं.

"पण ते उद्या बघू," काका म्हणाले. "इथं लागायची नाही. समोर फणस आहे."

परसातला तो फणस आजोबांनी लावलेला. बरोबर आग्नेयेला. दोन फांद्या उतरवल्या तर काम होईल असं माझ्या तोंडून निघालं, आणि आई आतून म्हणाली, "फणसाला हात लावायचा नाही." तो विषय तिथेच मिटला, आणि तो मिटला ते बरंच झालं असं आता वाटतं. छत्री हलवता येते, झाड हलवता येत नाही.

मग जागा कुठे? घराभोवती फणस, पाच माड, एक रायवळ आंबा. प्रत्येक जागी उभं राहून साठ अंश म्हणजे नेमकं किती वर याचा अंदाज करत बसलो असतो तर दसरा तिथेच गेला असता. काकांनी विचारलं, "उद्या तारीख काय?" म्हटलं, तीस सप्टेंबर. ते म्हणाले, "मग सोपं आहे. उद्या अकराच्या आधी दहा मिनिटं सूर्यच दाखवील कुठे लावायची ती."

हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. केबलच्या दिवसांत मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, सकाळी ठरावीक वेळी, काही मिनिटं सगळ्या वाड्यांचं चित्र मुंग्या येऊन जायचं. लोक तक्रार घेऊन यायचे. त्यांच्या ध्यानात आलं की त्या वेळी सूर्य बरोबर छत्रीच्या तोंडासमोर असतो. उपग्रह विषुववृत्तावर, आणि विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाच्या, आसपास सूर्यही तिथूनच जातो. आपण विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला आहोत म्हणून आपल्याला उपग्रह किंचित दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. त्यामुळे ही गाठ मार्चमध्ये विषुवदिनाच्या आधी पडते आणि सप्टेंबरात नंतर. मी रात्री गणित करून बघितलं. आमच्या गावासाठी दिवस आला ३० सप्टेंबर आणि वेळ सकाळी १० वाजून ५३ मिनिटं.

त्याचा अर्थ एवढाच, की १० वाजून ५३ मिनिटांनी परसात जिथे ऊन असेल तिथून उपग्रह दिसतो. जिथे सावली असेल तिथून दिसत नाही.

मंगळवारी सकाळी मी, आई आणि काका परसात उभे होतो. आदल्या दिवशी मी ज्या जागेशी झगडत होतो ती फणसाच्या गर्द सावलीत होती. खळ्यात ऊन होतं, पण तिथे मधोमध खांब कोण घालणार? विहिरीजवळ ऊन दिसलं, तिथे मी लगेच खूण करायला निघालो तर काकांनी हात धरला. "नीट बघ. हलतेय." माडाच्या झावळाची सावली वाऱ्याबरोबर उन्हावर येत-जात होती. अशा जागी टीव्ही लागतो, आणि वारा सुटला की अडकतो. लोक मग डब्याला, केबलला, एलएनबीला दोष देत बसतात.

शेवटी मांगराच्या, म्हणजे परसातल्या खोपटाच्या मागे, दगडी गडग्याला लागून, हातभर रुंदीची एक पट्टी सापडली. स्वच्छ, न हलणारं ऊन. घरापासून केबलने बावीस मीटर. मी एक सरळ काठी ओळंब्यात उभी धरली आणि तिच्या सावलीच्या टोकाला खुंटी ठोकली. काठीच्या बुडापासून खुंटीपर्यंत सुतळी ताणली. ती सुतळी म्हणजे उपग्रहाच्या दिशेची रेघ झाली, एक टोक वायव्येला, दुसरं आग्नेयेला. होकायंत्र खिशातून काढावंच लागलं नाही.

खांब चिऱ्याच्या भिंतीला बोल्टने बसवायचा विचार होता. काकांनी नको म्हटलं. चिरा मऊ, पावसात भिजून बोल्ट हळूहळू सैल होतो, आणि छत्री एक-दोन अंश जरी सरकली तरी चित्र गेलं. म्हणून दोन फूट खड्डा खणला, दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा केला आणि काँक्रीट ओतलं. इथे एका गोष्टीवर आम्ही पाऊण तास घालवला आणि तो सत्कारणी लागला: पाइप चारी बाजूंनी ओळंब्यात असणं. पाइप तिरका असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलते, पट्टीवरचा आकडा खोटा पडतो आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. छत्री लागत नाही म्हणून जे हैराण होतात, त्यांनी आधी खांबाला ओळंबा लावून बघावा.

बुधवारी खंडेनवमी. आईने कोयता, कुदळ, विळीबरोबर माझा पाना, पक्कड आणि तो छोटा मीटरही पाटावर मांडला, झेंडू वाहिला. पूजा झाल्यावर सव्वानऊला छत्री चढवली. दांडा सुतळीच्या रेघेवर, पट्टीवर साठ. मीटर दोन मिनिटांत वाजला. सोमवारी सात तास जो आवाज ऐकू आला नव्हता तो ऐकून मी काही क्षण नुसता उभा राहिलो.

पण मीटर वाजला म्हणजे काम झालं असं नाही. मीटर कुठल्याही उपग्रहाला वाजतो, आणि आभाळात आजूबाजूला बरेच आहेत. खात्री करायची ती डब्यावर. टीव्ही खिडकीतून दिसेल असा वळवून आईला समोर बसवलं. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या जोराची आणि एक दर्जाची. जोराची पट्टी केबल लावली की बऱ्यापैकी भरते, तिला फार अर्थ नाही. दर्जाची पट्टी खरी. आई आकडा ओरडून सांगत होती, "अडतीस... बेचाळीस... गेला रे... पंचेचाळीस."

पंचेचाळीसच्या पुढे तो जाईना. छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे करून झाली. मग काकांनी छत्रीला हात न लावता एलएनबीचा स्क्रू सैल केला आणि एलएनबी त्याच्या जागीच हलके फिरवला, कुलपात किल्ली फिरवावी तसा. आतून आई म्हणाली, "साठ! सत्तर! आता बास!" लहरी उभ्या किंवा आडव्या पाठवलेल्या असतात, फ्री डिशच्या उभ्या. पण उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसून बाजूला असल्यामुळे त्या आपल्यापर्यंत तिरक्या पोचतात, म्हणून एलएनबीलाही तिरकं व्हावं लागतं. कोकणातून हा उपग्रह रेखांशाने वीस अंश पूर्वेला पडतो, त्यामुळे हा फरक इथे चांगलाच जाणवतो. छत्री बसवणाऱ्यांत हे न करणारे बरेच असतात. पंचेचाळीसवर चित्र स्वच्छ दिसतं, बसवणारा पैसे घेऊन जातो, आणि पहिल्या पावसात टीव्ही बंद पडतो.

वाहिन्या शोधायला लावल्या. पहिलं चित्र सह्याद्रीचं आलं. आई पदराला हात पुसत पुढे येऊन बसली.

मला वडील आठवले. आमच्याकडे पहिला टीव्ही आला तेव्हा त्यांनी बांबूला अॅल्युमिनियमचा, माशाच्या काट्यासारखा अँटेना बांधला होता. संध्याकाळी ते बांबू फिरवायचे आणि आम्ही आतून "आलं, आलं, गेलं" करायचो. घर सड्याखाली. जमिनीवरच्या मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरी सड्यालाच अडायच्या, त्यामुळे आमच्याकडे चित्र कमी आणि मुंग्याच जास्त. वरच्या वाडीत स्वच्छ दिसायचं, म्हणून रविवारी आम्ही तिकडे पळायचो. ते जुने प्रक्षेपक दूरदर्शनने पुढे टप्प्याटप्प्याने बंद केले. आता लहरी साठ अंश वरून येतात, सडा आडवा येत नाही. वडिलांना सड्याखालच्या या घरात एकदाही स्वच्छ चित्र बघायला मिळालं नाही, याचं मला त्या सकाळी फार वाईट वाटलं.

पावणेअकरा उलटले आणि चित्र चौकोन चौकोन होऊन अडकलं. आईचा चेहरा उतरला. काकांनी खिडकीतून छत्रीकडे बोट दाखवलं. सूर्य बरोबर समोर होता, एलएनबीच्या दांड्याची सावली छत्रीच्या खालच्या कडेवर सरळ पडली होती. सूर्यही या लहरींत तळपतो, आणि उपग्रहाचा बारीक आवाज त्याच्या गोंगाटात बुडतो. पाच-सहा मिनिटांनी चित्र आपोआप आलं. छत्री बरोबर लागल्याची ती खूणच होती.

बाकीची कामं दुपारी उरकली, ती भराभर सांगतो. केबलचं टोक जोडताना डबा बंद ठेवला, कारण त्याच केबलमधून एलएनबीला वीज जाते आणि केबलच्या बाहेरच्या जाळीचा एक केस मधल्या तारेला लागला तरी डबा जळू शकतो. एलएनबीच्या जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळली. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून टपकतं, भिंतीत शिरत नाही. खांबाला जाड तांब्याची तार लावून ती जमिनीत पुरलेल्या सळईला जोडली. तरीही वीज कडाडू लागली की डब्याचा प्लग आणि केबल दोन्ही काढायची, हे आईकडून तीनदा करवून घेतलं. परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार. पुठ्ठ्यावर जाड पेनाने रिमोटची बटणं क्रमाने लिहून टीव्हीमागे चिकटवली, कारण वाहिन्यांची जागा बदलली की पुन्हा शोध लावावा लागतो, विशेषतः एप्रिल सुरू झाला की.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि २ ऑक्टोबर. मुंबई दूरदर्शन १९७२ साली याच तारखेला सुरू झालं. काका सोनं द्यायला आले ते थेट टीव्हीसमोर बसले आणि वरळीच्या मनोऱ्याच्या गोष्टी सांगत राहिले.

मी परतल्यावर आठवडाभरात मोठा पाऊस झाला. आईने फोन करून सांगितलं, दहा मिनिटं चित्र गेलं, मग आलं. एवढं जाणारच. एकदा माकडाने दांडा वाकवला, तो काकांनी सरळ केला. डिसेंबरात चित्र अडकू लागलं तर आईनेच जाऊन बघितलं. एलएनबीच्या तोंडावर मातीचं घर होतं कुंभारमाशीचं. तिने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि मला संध्याकाळी नुसतं कळवलं.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी तिचा फोन आला. "सव्वाअकराला टीव्ही अडकला होता रे. बाहेर जाऊन बघितलं तर सूर्य बरोबर छत्रीसमोर. पाच मिनिटांत आला परत. आता ठेवते, बातम्या लागल्यात."